एक टन दगड आणि चमचाभर साखर

विहिरीच्या तोंडावर तीन लोखंडी पाइपांची तिपाई उभी केलेली असते. तिच्या माथ्यावरून चैनकप्पी लोंबत असते आणि एकटा माणूस तोंडातली विडी तशीच ठेवून हातसाखळी खाली ओढत असतो. खालच्या आकड्याला अडकवलेला काळा दगड मीटरभर लांब आणि दोन-दोन फूट रुंद-जाड आहे. त्याचं वजन एक टनाच्या घरात जातं. सहा माणसांनी हात लावला तरी तो जागचा हलला नसता, आणि इथे तो वर येतोय. वेग इतका कमी की नुसतं बघत राहिलं तर काही घडतंय असं वाटत नाही. विहिरीच्या बांधकामावरची एखादी फट नजरेत धरली, तर मात्र दगड तिच्यापुढून बोटाबोटाने सरकताना दिसतो.

ही विहीर कुंभवली गावातली. कुंभवली तारापूर औद्योगिक वसाहतीला खेटून आहे. कुंपणापलीकडे क्रेन, फोर्कलिफ्ट, हायड्रा सगळं आहे, पण वाडीतल्या विहिरीपर्यंत त्यातलं काहीच पोचत नाही. बांध अरुंद, वर आंब्याच्या फांद्या, खाली भुसभुशीत माती. म्हणून वैशाखात, पाऊस यायच्या आत विहिरीचा गाळ काढायचा, ढासळलेला दगड वर घ्यायचा आणि काठ पुन्हा बांधायचा, तर जुनी हत्यारं बाहेर काढावी लागतात. त्यातली निम्मी याच वसाहतीच्या भंगारातून आलेली असतात. कारखान्याने टाकून दिलेली कप्पी साफ करून ग्रीस भरली की वाडीत आणखी एक पिढी काढते. गोदीतल्या खलाशांची 'हबेस' आणि 'आरिया' ही बोली कारखान्यांतल्या जड मालाच्या कामात रुळली, आणि तिथे काम केलेला माणूस विहिरीवर उभा असेल तर ती इथेही ऐकू येते. 'हबेस' म्हणजे वर घे, 'आरिया' म्हणजे खाली सोड.

मला या हत्यारांमध्ये जे थक्क करतं ते त्यांचं जुनेपण नव्हे, त्यांचा हिशेब. तो करून पाहू. एक टन दगड सहा मीटर वर आणायला लागणारी ऊर्जा सुमारे 59,000 ज्यूल, म्हणजे जेमतेम 14 किलोकॅलरी. चहात आपण घालतो त्या चमचाभर साखरेत याहून जास्त ऊर्जा असते. साखळीतलं घर्षण धरलं, आपले स्नायू खाल्लेल्या अन्नाचा साधारण पाचवा हिस्साच कामात उतरवतात हेही धरलं, तरी सगळा खर्च तांदळाच्या एका भाकरीच्या आत बसतो.

मग अडतं कुठे? शरीराकडे ऊर्जेचा तुटवडा नाही. एका क्षणात देता येणाऱ्या जोराचा आहे. टनभर जोर एकदम मागितला तर आपण हात टेकतो. तोच तीस-तीस किलोच्या हप्त्यांनी मागितला तर विडीही विझत नाही. चैनकप्पी एवढंच करते. आतल्या दातेरी चाकांची जुळणी अशी असते की दगड एक मीटर चढायला हातसाखळी तीस-चाळीस मीटर ओढावी लागते. सहा मीटरच्या विहिरीला दोनशे मीटरच्या आसपास साखळी हातातून जाते. फुकट काही मिळत नाही. जितका जोर वाचला तितकं अंतर वाढलं.

याच कप्पीतली दुसरी करामत मला पहिलीपेक्षाही हुशार वाटते. साखळी सोडून माणूस पाणी प्यायला गेला तरी दगड तिथेच लटकत राहतो. त्याला धरून ठेवलंय कुणी? त्या दगडानेच. आत घर्षणाच्या चकत्या असतात आणि त्या एका आट्यावर बसवलेल्या असतात. वजन खाली ओढू लागलं की आटा आवळतो, चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि शेजारची खिट्टी दातेरी चक्राला उलट फिरू देत नाही. ओझं जितकं जड तितका ब्रेक घट्ट. खाली सोडायचं तर साखळी उलटी ओढून आटा किंचित सैल करायचा. दगड किंचित उतरतो आणि उतरता उतरता पुन्हा स्वतःलाच आवळून घेतो. चढताना जी टक-टक ऐकू येते ती त्या खिट्टीची. जाणत्याचा एक कान तिच्यावर असतो. ती थांबली आणि साखळी मात्र चालतेच आहे, असं झालं तर तो विहिरीतल्या माणसाला आधी बाजूला व्हायला सांगतो आणि मग कप्पीकडे बघतो. या चकत्यांना चुकूनही तेल लागू द्यायचं नसतं. हौसेने सगळ्याच यंत्राला तेल पाजणारा मालक एका दुपारात ब्रेक निकामी करून ठेवतो.

पण आकडा अडकवायच्या आधी दगडाखालून साखळी घालावी लागते. त्यासाठी तो चार बोटं उचलायचा, आणि ते काम पहारीचं. पाच फुटी पहार, टोकापासून तीन इंचांवर टेकू. एका बाजूला सत्तावन्न इंच, दुसऱ्या बाजूला तीन, म्हणजे एकोणीस पट. साठ किलोच्या माणसाने अंग टाकलं की टोकाशी अकराशे किलोंचा जोर उभा राहतो. हात दोन फूट खाली जातो तेव्हा दगड सव्वा इंच उचलला जातो. लगेच खाली उटी सारायची, टेकू उंच करायचा, पुन्हा अंग टाकायचं. नवशिका दोन्ही हातांनी पहार दाबतो. मुरलेला माणूस तिच्यावर नुसता ओणवा होतो. पाय मात्र तो पहार आणि दगड यांच्यामध्ये कधीच ठेवत नाही, दगड आणि भिंत यांच्यात तर नाहीच.

दगड फारच मोठा निघाला तर तो खालीच फोडायचा. घणाचे घाव घालत बसलं तर कोकणातला काळा पाषाण दाद देत नाही, माणूसच आधी थकतो. दगड दाबाला भयंकर चिवट असतो, ताणाला मात्र कच्चा. दाब सोसतो त्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्याने ताणला तरी तुटतो. महाराष्ट्रात वडार समाजाच्या हातात हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या आहे, पुस्तकात यायच्या कितीतरी आधीपासून. छिन्नीने एका रेषेत भोकं पाडायची, प्रत्येकात लोखंडी पाचर बसवायची आणि घणाने या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक टोला द्यायचा. एकाच पाचरीवर जोर काढायचा नाही. पाचर दोन्ही बाजूंना ढकलते, म्हणजे दगड आतून ताणला जातो, आणि सगळ्या रांगेचा ताण एकाच रेषेत जमतो.

इथे कान हेच मापाचं साधन असतं. सुरुवातीला घणाचा आवाज खणखणीत येतो. दोन-तीन फेऱ्यांनंतर तो चढत जातो, पाचर आवळल्यासारखी वाजते, आणि मग एका टोल्याला आवाज बसतो. बद्द. आता घण खाली ठेवायचा. मागे सरकून गप्प बसायचं. बघणाऱ्याला वाटतं माणूस दमला. तसं नसतं. भेग सुरू झालेली असते आणि तिला पुढे जायला वेळ हवा असतो. नुसत्या टिकून राहिलेल्या ताणाखालीसुद्धा दगडातली भेग हळूहळू वाढत जाते, आणि तिच्या टोकाशी ओल असेल तर जरा लवकर, हे आता प्रयोगशाळेतही मोजलेलं आहे. थोड्या वेळाने कुणीही हात न लावता एक बारीकसा चर्र आवाज होतो आणि दगड सरळ रेषेत उकलतो. दोन्ही तोंडं इतकी सपाट निघतात की तेच तुकडे काठाच्या बांधकामाला लावता येतात.

बांधकामाला लागणाऱ्या मापांबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण ती बहुतेकांनी पाहिलेली असतात. लाइनदोरी, गुण्या, ओळंबा, आणि पाणी भरलेली पारदर्शक नळी. नळीची दोन तोंडं विहिरीच्या दोन अंगांना धरायची, पाणी दोन्हीकडे एकाच उंचीला थांबतं. मध्ये झाड येवो की भिंत. हवेचा एखादा बुडबुडा अडकला तर माप खोटं येतं, म्हणून गवंडी नळीला आधी टिचक्या मारून घेतो. ओळंब्यावर मात्र सगळ्यांचा आंधळा विश्वास असतो, आणि तो एकदा डळमळीत झाला होता. एकोणिसाव्या शतकात भारताची मोजणी चालू असताना कल्याणा आणि कल्याणपूर या उत्तरेतल्या दोन ठाण्यांमधल्या अंतरात, कोनात मोजलं तर, पाच सेकंदांहून थोडा जास्त फरक निघाला. कलकत्त्याचे आर्चडीकन प्रॅट यांनी 1855 मध्ये गणित मांडलं, की हिमालयाचं वस्तुमान ओळंब्याला स्वतःकडे ओढतं. त्यांच्या हिशेबाने तर फरक याच्या तिप्पट निघायला हवा होता. तो तेवढा का नाही, या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता पर्वतांची मुळं जमिनीत खोल जातात ही कल्पना पुढे आली. कुंभवलीच्या विहिरीला याची झळ लागत नाही. पण सुतळीला बांधलेल्या शिशाच्या गोळीने हिमालयाच्या बुडाची बातमी आणली, हे मला आजही नवल वाटतं.

आता पाणी. गाळ काढायचा तर आधी उपसा करावा लागतो आणि इथे एक अशी मर्यादा आडवी येते, जिच्यापुढे कितीही अश्वशक्ती चालत नाही. विहिरीच्या काठावर पंप ठेवून खालचं पाणी ओढायचं म्हटलं तर साधारण 10 मीटरच्या पुढे ते येतच नाही. प्रत्यक्षात सहा-सात मीटरलाच पंप धापा टाकू लागतो. गॅलिलिओने 1638 च्या आपल्या पुस्तकात या अडचणीची नोंद केली आहे. पंप दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून ती त्याच्या कानावर आली होती. कारण त्याला नीटसं सापडलं नाही. ते त्याचा शिष्य टोरिचेली याने शोधलं, 1643-44 च्या सुमारास, पाण्याऐवजी पारा घेऊन. पंप पाणी ओढत नाहीच. तो फक्त नळीतली हवा काढून घेतो. पाणी वर ढकलते ती विहिरीच्या पृष्ठभागावर बसलेली आपली सगळी हवा. तिचं वजन 76 सेंटिमीटर पाऱ्याइतकं किंवा 10.3 मीटर पाण्याइतकं. तेवढंच ती उचलते.

म्हणूनच जुन्या विहिरींमध्ये काठापासून बरंच खाली पंप बसवायला दगडी टप्पा किंवा लोखंडी गर्डर दिसतो. पाण्याच्या जवळ जायचं, थोडं ओढायचं आणि उरलेलं ढकलायचं. ढकलण्याला अशी मर्यादा नाही. आजचा पाणबुडी पंप तळाशी बसून फक्त ढकलतो, म्हणून तो शेकडो फुटांवरूनही पाणी आणू शकतो.

ओढणाऱ्या पंपाचा जीव फुटव्हॉल्व्हमध्ये. त्याची झडप नीट बसली नाही तर नळीतलं पाणी निथळून जातं, हवा शिरते आणि पंप नुसता घुमतो. यावरचा वाडीतला इलाज पुस्तकात सहसा नसतो. बादलीत शेणकाला करायचा आणि पंपात पाणी भरताना तोच ओतायचा. शेणातले गवताचे बारीक तंतू गळणाऱ्या फटीकडे पाण्याबरोबर ओढले जातात आणि तिथेच अडकून बसतात. गळती जिथे आहे तिथेच नेमका मसाला पोचतो, कारण त्याला तिथे नेणारी गळतीच असते. पंपवाल्याला हे आवडत नाही, पण पंप चालू होतो.

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहायला हवी. पाण्याच्या जवळ जायचं म्हणून डिझेल इंजिन विहिरीत उतरवायचं नाही. जुनी माणसं विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील सोडून बघतात. तो विझला तर खाली प्राणवायू कमी आहे हे कळतं. पण इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसाला मारण्याइतका असला तरी ज्योत विझवत नाही. कंदील तेवत राहतो, माणूस मात्र कोसळतो. या एका बाबतीत जुनी परीक्षा अपुरी आहे.

इंजिन वर, मोकळ्या हवेत. आणि ते हाताने चालू करणं ही आता फार थोड्यांना येणारी कला. इंग्लंडमधल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कारखान्याने 1929 मध्ये एक संथ डिझेल इंजिन काढलं. मिनिटाला सहा-साडेसहाशे फेरे, दोन्ही बाजूंना अवजड चाकं. त्याच्या नकला राजकोटच्या कारखान्यांतून पुढे अनेक दशकं निघत राहिल्या. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, 1903 मध्ये लोखंडी नांगर काढला आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजापोटी शेतकरी त्या नांगराला हात लावायला तयार नव्हते. 1946 मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली, तोवर लोखंडाचं भय गेलं होतं आणि पाण्याची ओढ मोठी झाली होती.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की तिचं तापमान 500 अंशांच्या वर जावं; त्यात डिझेलचा फवारा मारला की तो आपोआप पेटतो. पण तेवढी हवा एका हाताच्या जोराने एकदम दाबणं कुणाच्या बापाला जमणार नाही. म्हणून इंजिनाच्या डोक्यावर एक छोटा खटका असतो. तो वर केला की झडप उघडी राहते, हवा दाबली न जाता निसटून जाते आणि हँडल हलकं फिरतं. आता फिरवत राहायचं. एक, दोन, पाच फेरे, चाक वेग घेत जातं. वेग दुप्पट झाला की चाकात साठलेली ऊर्जा चौपट होते. मनगटाला चाकाची ओढ जाणवली, म्हणजे आपण चाकाला फिरवत नसून ते आपल्याला फिरवू पाहतंय असं वाटलं, की खटका पाडायचा. झडप मिटते. चार-सहा सेकंदांत ओतलेला सगळा जोर चाक एका झटक्यात परत देतं आणि दट्ट्या दाबाच्या पलीकडे जातो. धड्‌. मग दुसरा धड्‌, आणि वाडीभर तो ठेका सुरू होतो. चैनकप्पीने जोर अंतरात पसरला होता. हे चाक तो वेळात साठवतं. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ मिटून घ्यायची नाही. इंजिनाने उलटा हिसका दिला तर हँडल हातातून सुटून जायला हवं. अंगठा आड आला तर हाड मोडतं.

या सगळ्यांच्या आधी इथल्या वाड्यांवर रहाट होता. वसई, केळवे-माहीम, तारापूर, चिंचणी, आणि खाली अलिबाग-चौलपर्यंत. आडवं दातेरी चाक, त्यात गुंतलेलं उभं चाक, उभ्या चाकावरून विहिरीत सोडलेली लोट्यांची माळ, आणि गोल फिरणारा बैल किंवा रेडा. लोटे उपडे होऊन पाण्यात शिरतात, भरून वर येतात, माथ्यावर पन्हळीत रिकामे होतात. लोट्याच्या बुडाला एक बारीक भोक असतं, आणि त्याचं काय काम असावं हे चटकन लक्षात येत नाही. उपडा लोटा पाण्यात गेला की आत हवा कोंडते. भोकातून ती निघून जाते आणि लोटा पुरता भरतो. शिवाय रहाट थांबला की भोकांतून पाणी गळून जातं, माळेवर ओझं उरत नाही. चढताना थोडं पाणी सांडतं खरं, पण ते खालच्या लोट्यातच पडतं. इथेही उलट फिरू नये म्हणून खिट्टी लागते; पंजाबात तिला कुत्ता म्हणतात, आणि तिची टक-टक चैनकप्पीच्या टक-टकीची थोरली बहीण शोभावी.

रहाटात आणखी एक गुण होता, जो कुणी मुद्दाम घातला नव्हता. समुद्राजवळच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. खारं पाणी सुमारे अडीच टक्के जड. डच अभियंता घायबेन याने 1880 च्या दशकाच्या अखेरीस आणि जर्मनीच्या हर्झबर्गने 1901 मध्ये त्यातून एक विलक्षण प्रमाण काढलं: समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल तर खाली सुमारे 40 मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. उलट वाचलं की धडकी भरते. पातळी एक मीटर कायमची खाली आणली तर खाऱ्या पाण्याची हद्द कालांतराने 40 मीटर वर सरकू पाहते. वाळूच्या थरात हे गणित बरंच सरळ चालतं. काळ्या दगडात पाणी भेगांच्या वाटेने जातं, तिथे एक विहीर मचूळ आणि शेजारची गोड असंही होतं.

बैल सतत चालताना साधारण अर्धी अश्वशक्ती देतो. पाच अश्वशक्तीची मोटर म्हणजे दहा बैल, आणि तेही न दमणारे. बैल थांबायचा, वैरण खायचा, तेवढ्यात विहिरीला झरे येऊन मिळायचे. रात्री वीज आली म्हणून चालू करून झोपलेल्या माणसाची मोटर थांबत नाही. रहाट परत बसवा असं मी म्हणणार नाही. त्या रेड्याला वर्षभर पोसायचं कुणी, आणि लाकडी दाते घडवणारा सुतार आणायचा कुठून? पण चिंचणी-तारापूरच्या किनाऱ्यालगतच्या वाडीत पाचाऐवजी एक अश्वशक्तीचा पंप बसवून तो थांबून थांबून जास्त तास चालवता येतो. पाणी तेवढंच निघतं, विहिरीची पातळी मात्र एकदम कोसळत नाही. फुटव्हॉल्व्ह तळाशी न सोडता शक्य तितका वर ठेवायचा, कारण खाली बसतं ते जड पाणी. आणि वीज बेभरवशाची असेल तर उंचावर एक टाकी हवीच, म्हणजे झाडांना पाणी सावकाश, दिवसा, डोळ्यांसमोर सोडता येतं.